तिसऱ्या मशीनचा कागद

"कागद उचल. डोळ्यासमोर आडवा धर. श्वास रोख. आता रेघेच्या मागोमाग जा, चुकल्या वासरामागं जावं तसा."

चाळीस वर्षांपूर्वी नकाशे काढण्याच्या कचेरीत हेडड्राफ्ट्समननं पाठीशी उभं राहून सांगितलेलं ते म्हाताऱ्याला आजही शब्दन् शब्द ऐकू येत होतं. त्यानं कागद उचलला, आडवा धरला, श्वास रोखला. प्रिंटरच्या दुकानातल्या तिसऱ्या मशीनमधून निघालेला हा कागद. वर नुसत्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी. रेघ काठापासून नीट निघाली, आणि मध्यावर येताच तिनं पोट काढलं, ओल धरलेली भिंत काढते तसं.

त्यानं कागद खाली ठेवला.

मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. ती इंजिनिअर. नोकरी सोडून घरातल्या मागच्या खोलीत तिनं आपलं ऑफिस थाटलं होतं. नकाशे तिनं काढायचे, बाबांनी तपासायचे, अशी वाटणी. पहिलंच काम, एका शाळेचा जिना, काल पुरं झालं होतं. 'तपासले' या शब्दापुढे बाबांची सही पडली होती. आता मशीन घ्यायचं, संध्याकाळी त्यावर नकाशाच्या प्रती काढून ठेकेदाराला द्यायच्या. उद्या सकाळी तो जिन्याच्या सळया बांधायला घेणार होता.

पहिल्या मशीनच्या कागदावर रेघ वाकलेली दिसली तेव्हा म्हातारा मनातून हरखला होता. महिनाभर घरातल्या खिडकीचे गज मध्येच वाकत होते, दाराची चौकट कमरेत बारीक होत होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं तो स्वतःला समजावत आला होता. इथे मशीनवर बोट ठेवता आलं. "वाकतेय मध्ये," तो पटकन बोलून गेला. मुलीनं दुसरं मशीन लावायला सांगितलं. दुसऱ्या कागदावरही रेघ त्याच जागी, तशीच वाकली. तेव्हा दोष मशीनवर ढकलता येईना; त्यानं कागद मुकाट्यानं बाजूला सारला. बाबा गप्प म्हणजे नापास, हे मुलीला लहानपणापासून पाठ. तिनं तिसरं लावायला सांगितलं.

दुकानदार आधी खुशीत होता. हे छापतं, त्याची नक्कल काढतं, जुना नकाशा कॉम्प्युटरवर चढवतं, फक्त गिऱ्हाइकाशी वाद तेवढा घालत नाही, असं म्हणून तो आपणच हसला होता. मोठ्या कागदाचं मशीन मागच्या खोलीत मावेल का, शाईच्या टाकीचं घ्यावं की पावडरीचं, सगळं त्यानं हौसेनं समजावलं होतं. आता त्याचे कान लाल झाले होते.

हे मशीन आत्ता तुमच्यासमोर खोक्यातून काढलं, तो म्हणाला. तिन्ही मशिनं तीन वेगळ्या कंपन्यांची. तिन्हींनी मिळून तुमच्याशी दावा मांडलाय का? दारातली दोन गिऱ्हाइकं थबकून ऐकू लागली.

मुलगी जागची हलली नाही. तिनं थंडपणे सांगितलं की तिच्या बाबांनी कागदावरची केसभर चूक हात लावून ओळखलेली आहे, आणि त्यांना वाकडी दिसली तर रेघ वाकडीच.

दुकानदारानं ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली आणि रेघेवर टेकवली. रेघ पट्टीला चिकटून गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पट्टी तुमची आहे," मुलगी म्हणाली.

"मग तुमची काढा, ताई. मी कुठं पळून चाललोय."

तिनं पर्समधून आपली पट्टी काढली. ऑफिसच्या मुहूर्ताला बाबांनीच दिलेली. ती वाकली, एक डोळा मिटला, श्वास रोखला. म्हातारा तिच्या मानेकडे बघत राहिला. वाकण्याची ती ढब त्याची होती. ती सात वर्षांची असताना त्यानं शिकवलेली. तिनं पट्टी एका रेघेला लावली, दुसरीला लावली. मग कागद फिरवून आडव्या रेघांना लावली. दुकानदार हाताची घडी घालून उभा होता.

तिला रेघ सरळ दिसली. ते तिच्या चेहऱ्यावर आलं, आणि क्षणात गेलं. तिनं पट्टी उलटसुलट करून उजेडात धरली.

"ही पट्टीच गेलीय वाटतं," ती हळूच म्हणाली. "बदलायला हवी."

दुकानदारानं कपाळाला हात लावला. मुलगी पट्टी पर्समध्ये घालू लागली, आणि दुसऱ्या दुकानात जाऊ म्हणून तिनं बाबांचा दंड धरला. म्हातारा खुर्चीतून उठला नाही. त्यानं तिसऱ्या मशीनचा कागद पुन्हा जवळ ओढला. उजवा डोळा तळव्यानं झाकला. रेघ सरळ झाली. तळवा काढून डावा झाकला. रेघेनं पोट काढलं, आणि जाळीच्या मधोमध राखेसारखा डाग पसरला.

"हेच मशीन घे," तो म्हणाला.

"पण बाबा, रेघ..."

"रेघ बरोबर आहे. तुझी पट्टीही बरोबर आहे."

तिचा हात त्याच्या दंडावर तसाच राहिला. दुकानदारानं कपाळावरचा हात काढला.

"आणि तो जिन्याचा नकाशा आज पाठवू नकोस, पोरी. काल त्यावर मला नुसता चिखल दिसत होता. मी तुझ्यावर विसंबून सही केली."