राखेतला पंप

"उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही," बेसिलने बजावलं आणि पिंपात ठेवलेल्या पंपावर राखेची शेवटची पाटी ओतली. "बीड आहे, वहिनी, ओतीव लोखंड. हळूहळू निवलं तर जोड टिकेल. घाई केली की तडकलंच समजा."

मथुराबाई पिंपाशेजारी पाट टाकून राखणीला बसल्या. ती राखही त्यांनीच जमवलेली. नंदाखालमध्ये आता घरोघरी गॅस, राख मिळते कुठे? शेजारच्या इझाबेलकडे आणि आणखी दोन-चार घरांत आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, तिथून त्यांनी डोक्यावर पाट्या वाहून आणल्या होत्या. बावखलात, बागेलगतच्या तळ्यात, पाणी होतं, पण ते बागेत चढवणारा पंप फुटला होता आणि केळी माना टाकत होत्या.

आगाशीहून आलेला वेल्डर बेसिल सकाळपासून खपत होता. चीर पुढे सरकू नये म्हणून त्याने तिच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली, पंप कोळशावर तापवला, मग बोटबोटभर वेल्डिंग करत प्रत्येक टाक्यावर हातोडीने हलकेच ठोकलं.

मथुराबाईंचे यजमान शंकरराव ओटीवरच्या झोपाळ्यावर होते. जमीन त्यांच्या नावावर. रविवारी बिल्डरची माणसं येणार होती आणि मुलगा विपुल 'विकून टाका' म्हणून रोज डोकं खात होता. शेवटी वैतागून ते म्हणाले होते, पंप चालला तर बाग ठेवू, नाही चालला तर देऊन टाकू. जन्मभर ज्या बागेचं खाल्लं तिचा निकाल एका फुटक्या पंपावर सोडून हा गृहस्थ खुशाल सुपारी कातरत बसला होता. आता याला काय म्हणावं?

बेसिल टेम्पोत मशीन चढवायला गेला. त्याला चहा द्यायला हवा, म्हणून मथुराबाई आत गेल्या. आधणाला उकळीही फुटली नसेल, तोच बाहेर चर्र झालं आणि मागोमाग टिण्ण असा आवाज आला. बशीवर चमचा आपटावा एवढाच.

त्या धावत बाहेर आल्या. पिंपातून वाफ निघत होती. शेजारी विपुल रिकामी बादली घेऊन उभा.

"अगं, लवकर गार होईल म्हटलं," तो म्हणाला. "आजच चेक करून टाकू ना. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

बेसिलने काठीने ओली राख बाजूला केली. जोड शाबूत होता. त्याच्या शेजारून केसाएवढी नवी चीर थेट खालपर्यंत गेली होती.

"विपुल, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलायस ना तू?" बेसिलने विचारलं. "कामणच्या कंपनीत मशिनी बघतोस. तिथे ओततोस का रे तापलेल्या बिडावर पाणी?"

विपुलने खिशातून मोबाइल काढला, बघितल्यासारखं केलं, परत ठेवला. "अंकल, जुनाच होता ना तो. असा किती दिवस चालला असता?"

मथुराबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पण आवाज चढला नाही.

"लहानपणापासून सांगत आले, बाबा, केळींना बादलीभर पाणी घाल. कधी तुझी परीक्षा असायची, कधी कंबर दुखायची. आज बरी न सांगता उचललीस."

झोपाळ्याची करकर थांबली. शंकरराव अडकित्ता ठेवून ओटी उतरले.

"बेसिल, पुन्हा जमेल?"

"बघू या. पण ही राख गेली. कोरडी लागेल."

"बाबा," विपुल घाईने म्हणाला, "तुम्हीच बोललात ना, पंप नाही चालला तर देऊन टाकू?"

"बोललो," शंकरराव म्हणाले. "तू मारलास तर, असं नव्हतो बोललो."

त्यांनी विपुलच्या हातातली बादली काढून घेतली आणि एका हाताने गुडघा धरत ते बावखलाच्या पायऱ्या उतरू लागले. पहिल्या केळीच्या बुंध्याशी बादली रिकामी झाली तेव्हा मथुराबाई रिकामी पाटी घेऊन इझाबेलच्या घराकडे निघाल्या होत्या.