दाराआडचं भांडण

साथीत गल्लीतल्या युवा केंद्राला कुलूप लागलं, तेव्हा त्याच्या गोंगाटाविरुद्ध वर्षभर तक्रारी करणारे निवृत्त मास्तर मनोमन सुखावले. पण तिथे नाच शिकवणारी पोरगीच आता केंद्राच्या मदतकार्यातून रोज त्यांच्या दारात किराणा घेऊन येई. माणूस धडधाकट दिसल्याखेरीज हलायचं नाही, हा केंद्राचा नियम. म्हणून मास्तर मुद्दाम दार उघडत नसत.

"आजोबा, उघडा हो! पाय मोडले माझे."

"धिंगाणा घालताना बरे मोडत नव्हते!"

अशी घटकाभर जुंपे.

एके दिवशी ती म्हणाली, "सुटलात एकदाचे! सोमवारपासून केंद्र उघडतंय. आता मी यायची नाही."

मास्तर आतून दाराला खेटून उभे राहिले.

"उघडून तर दाखवा!" मास्तरांचा आवाज चिरकला. "नाही पुन्हा कुलूप ठोकायला लावलं, तर बघ!"