नर झाड

ताम्हिणीच्या रानात नरक्याचं एकच मादी झाड उरलं होतं. बाकीची औषधासाठी तोडून नेलेली. ते दरवर्षी फुलायचं, पण जवळपास नर झाड नसल्याने फळ धरत नव्हतं. त्यावर अभ्यास करणाऱ्या शिरीनने महिनाभर रान पालथं घातलं. शेवटी तिने गावातल्या म्हाताऱ्या भैरूला विचारलं. तो तिला थेट एका घळीत घेऊन गेला. तिथे नर झाड फुललं होतं! शिरीनने त्याचे पराग आणून ब्रशने मादीच्या फुलांना लावले. दिवाळीनंतर फांद्या फळांनी लगडल्या.

"बाबा, ते झाड तुम्हाला कसं ठाऊक?"

"बाकीची म्याच तोडली, ताई. ते तवा बारकं हुतं, म्हून ऱ्हायलं."

शिरीनच्या हातात पिकल्या फळांतून काढलेल्या बियांची पिशवी होती. भैरूने ओंजळ पुढे केली.

"बिया द्या हिकडं. कुटलं झाड कुटं हुतं, समदं ठावं हाय मला."