ठकीचा कौल

टोपलीवरचं झाकण फुलाबाईनं दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं होतं. आत ठकी मांजर कामट्या खरवडत होती आणि समोर धनगरांच्या तळावरची तीन कुत्री नाकं वर करून उभी होती.

"अगं बया! कुत्रं बघायला मांजर घिऊन आलीस व्हय?" म्हाळसा धनगरीण हसता हसता खालीच बसली. तिनं हाका मारून तळावरच्या बाकीच्या बायाही गोळा केल्या.

फुलाबाईचा नवरा महिपती कानापर्यंत लाल झाला. शेळगावच्या घरापासून कळसच्या या तळापर्यंत तो बायकोच्या दहा पावलं पुढं चालला होता, ती टोपलीवाली आपली कुणी नव्हेच असा.

कुत्रं तर हवंच होतं. कोल्हे रोज मका मोडून खात होते. पण मागच्या साली आणलेल्या कुत्र्यानं पहिल्याच दिवशी घरातल्या बोक्याची मान मोडली आणि फुलाबाईच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. आता ठकीची तीन पिल्लं घरात होती, डोळे नुकते उघडलेली. महिपतीनं निघतानाच बजावलं होतं, "आज ठकीशी जमलं तर जमलं. न्हायतर मला पटंल ते कुत्रं मी आननार, आन मांजरी वालचंदनगरला सोडून येनार." आणि धनगर उद्या तळ हलवणार होते.

"त्यो काळा बघ," महिपती म्हणाला. "छाती बघ त्याची!"

म्हाळसानं काळ्याच्या गळ्यातली दोरी मुठीत धरली. फुलाबाईनं झाकण चार बोटं उचललं. ठकीचे कान दिसले मात्र, काळ्यानं अशी झेप घेतली की म्हाळसा दोरीसकट ओढली गेली. ठकी टोपलीतून उसळली ती थेट महिपतीच्या पटक्यावर.

"अवो, हलू नगा!" फुलाबाई ओरडली.

"नखं लागत्यात की गं!"

बाया पदर तोंडाला लावून लोटपोट झाल्या. काळ्याला लांब नेऊन बांधलं. दुसऱ्या तांबड्या कुत्र्यानं ठकीची फुगलेली शेपटी पाहिली आणि ते मेंढरांच्या पार पलीकडं पळालं. आता एकच उरली होती, भुरी कुत्री, एका कानाची कड फाटलेली.

भुरी जवळ आली नाही, पळालीही नाही. महिपतीच्या डोक्यावर काय बसलंय ते तिनं एकदा पाहिलं, तोंड बाजूला वळवलं आणि पुढच्या पायांवर हनुवटी टेकून ती आडवी झाली.

ठकी पटक्यावरून खांद्यावर आली, खांद्यावरून जमिनीवर. पोट खाली घासत ती भुरीच्या शेपटीपर्यंत गेली. हुंगलं. भुरीनं डोळे मिटून घेतले. ठकीनं उगाच एक चापट मारली. भुरीचा फाटका कान नुसता हलला.

"हीच!" फुलाबाईला हुंदका आला की हसू, तिचं तिलाच कळेना. "अवो, हीच!"

"मांजराला डोळं मिटनारी कोल्ह्याला काय करनार?" महिपती पटका सावरत म्हणाला.

म्हाळसानं त्याच्याकडं पाहिलं. "दाजी, ते कोकरू उचला बघू. आन निगा वाटंला."

महिपतीनं कोकरू उचललं. दोनच पावलं टाकली असतील, भुरी समोर उभी. भुंकणं नाही, काही नाही. तो डावीकडं वळला, ती डावीकडं. तो उजवीकडं, ती उजवीकडं. मग तिचा वरचा ओठ हळूच वर गेला.

"ठिवा आता खाली," म्हाळसा म्हणाली. "लय येळ दम न्हाय धरत ती."

महिपतीनं कोकरू इतक्या झटक्यानं खाली ठेवलं की पुन्हा हशा उसळला. या वेळी तोही हसला.

म्हाळसा मात्र हसली नाही. तिनं भुरीचा मागचा पाय हातात घेतला. "ह्यो पाय अधू झालाय बाई. आमच्या लांबच्या वाटंवर ही मागं पडती. दोनदा माघारी जाऊन खांद्यावर आनली. औंदा काय करावं म्हनत हुते." तिनं भुरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि उठून पाठ फिरवली. "जावा घिऊन. लौकर जावा."

घरी पोचेपर्यंत दिवस कलला. फुलाबाई दाराशी उभी राहिली. भुरी लंगडत आत आली. आधी तिनं ठकी हुंगली. मग पाटीतली तिन्ही पिल्लं एकेक करून हुंगली. मग खुंट्याची शेळी. मग फुलाबाईच्या पायाला ओलं नाक लागलं. सगळं झालं तरी भुरी बसेना. पुन्हा पहिल्यापासून हुंगायला लागली आणि पुन्हा दाराकडं बघत उभी राहिली.

"आता काय झालं तिला?" बाहेर पाय धुता धुता महिपतीनं विचारलं.

फुलाबाईला एकदम उमगलं. कळपातलं कुत्रं, त्याला संध्याकाळी सगळी जागच्या जागी लागायची.

"आत या आधी," ती म्हणाली. "तिच्या मोजनीत एक कमी भरतंय."