गुडघ्यामागची सुई

"पँट गुडघ्याच्या वर घ्या आणि पालथे झोपा," सुया टोचून दुखणं घालवणारी डॉक्टरीणबाई म्हणाली.

दादा पालथा झाला. दवाखान्याच्या अरुंद पलंगाला तोंडापाशी भोक होतं. त्यातून त्याला फरशी आणि शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीची पावलं दिसत होती. आईजवळ शेजारच्या काकूंना बसवून तिनंच त्याला इथे ओढून आणलं होतं. आई अंथरुणाला खिळली आणि पहिल्याच आठवड्यात दादाची कंबर धरली. तेव्हापासून आईला उचलणं, कूस बदलणं, धुणं-पुसणं, सगळं बहिणीच्याच अंगावर पडलं होतं.

डॉक्टरीणबाईनं गुडघ्यामागच्या खोलगट जागी अंगठा दाबला. "कंबरेसाठी सुई इथे लावतात. दुखते कुठली बाजू?"

"उजवी."

"मघाशी डावी म्हणालात."

"फिरती कंबर आहे त्याची," बहीण हसली. "पण खरंच हाल होतात हो."

दादाचे कान तापले. डॉक्टरीणबाई कापसानं तिथला घाम पुसू लागली, तसा त्यानं पाय आखडून घेतला. "राहू द्या. घाण झालंय."

"असू दे की. माणसाचंच अंग आहे."

किती सहज म्हणाली ती! दादाला ती पहिली सकाळ आठवली. आईखालची चादर ओली झाली होती. आईनं त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि तो कंबरेला हात लावून भिंतीला टेकला होता.

"नको सुई," तो उठून बसला. "बरं वाटतंय."

"भित्रा कुठला!" म्हणत बहीण त्याच्या चपला सरकवायला वाकली. वाकली ती तशीच राहिली. एक हात पलंगाच्या कडेला, दुसरा कंबरेवर.

दोघांनी मिळून तिला पालथं झोपवलं. डॉक्टरीणबाईनं तिच्या दोन्ही गुडघ्यांमागे सुया लावल्या. "आता हलायचं नाही. कधीपासून दुखतंय?"

"याची कंबर गेली तेव्हापासून," भोकातून आवाज आला. "पण दोघंही आडवी झालो तर आईचं कोण करणार?"

तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं झालं होतं. दादानं ते कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं डॉक्टरीणबाईकडे बघितलं. तिनंच सांगून टाकलं तर बरं, असं त्याला वाटलं. ती सुयांची डबी बंद करत राहिली.

"आज आईचं मी करतो," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? तुझी कंबर..."

"कंबर कधी दुखलीच नाही माझी." तो सुयांकडे बघत म्हणाला. "आईचं ते सगळं... माझ्यानं बघवेना. लाज वाटली. म्हणून थाप मारली."

बहिणीची मान हलली. तिला वळून बघताही येत नव्हतं. पायांची बोटं तेवढी आक्रसली. दादा तिच्या पायांशी खाली मान घालून उभा राहिला.

मग बहीण म्हणाली, "आधी दार लाव. पांघरूण काढू नकोस, खालूनच पूस. आणि तिच्या तोंडाकडे बघू नकोस."

आणि पुढे म्हणाली, "तिलाही लाज वाटते, दादा."