ग्रेसचे पाच गुण

“गुरुजी, कोरोनात सरकारनं काम कसं केलं? शंभरपैकी गुण द्या,” म्हणत गावच्या आशा सेविका शालननं सर्वेक्षणाचा फॉर्म पुढे केला. घोलप गुरुजी खुलले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी तपासायला पेपर आणला होता!

लाल पेन निघालं. दवाखान्यात खाटा नव्हत्या, तीस गुण कापले. ऑक्सिजन उशिरा आला, आणखी चाळीस. “तीस. नापास!” गुरुजींनी ऐटीत निकाल लावला.

“पस्तीस करा की, गुरुजी.”

“शाळेत तुला गणितात ग्रेस दिले नाहीत, ते सरकारला देईन? एवढा कसला पुळका तुला?”

“पुळका नाही हो! नापास करणाऱ्या घरी तीनदा जाऊन समजूत काढायचा हुकूम आहे. सरकार नापास झालं, की फेरपरीक्षेला मी बसते.”

गुरुजींचं पेन थबकलं. साथीत रोज दारात येऊन याच पोरीनं त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला होता, तोंडाला नुसता पदर बांधून.

त्यांनी तीसचे पस्तीस केले.

“हे पाच तुझे आहेत,” फॉर्म परत देत ते म्हणाले. “सरकारनं आपले समजू नयेत.”