गडावरून दिसलेला ओटा

कर्जतवरच्या ओसाड गडावर गोऱ्या साहेबानं तारे बघायला मोठी दुर्बीण बसवली, तेव्हा गावाला धाकात ठेवणारे भिवाजी खोत डोलीत बसून ती बघायला गेले. भरदुपारी तारे कुठले! साहेबानं दुर्बीण खाली गावाकडे वळवली. खोतांना आपलाच ओटा दिसला, पण खाली डोकं वर पाय. त्यांच्या लोडाला टेकून कारभारी त्यांचीच नक्कल करत होता आणि बायकोसकट सारं घर पोट धरून हसत होतं. खोतांचं तोंड उतरलं.

"घाबरू नका," साहेब म्हणाला, "हिच्यातून सगळं उलटं दिसतं."

खोतांचा जीव भांड्यात पडला. उपरण्यानं डोळे टिपत ते म्हणाले, "तरीच! एक दिस मी घरी नाय, तर बिचारी धाय मोकलून रडतायत!"